नव्वद दिवस कुठून मोजायचे?

प्रश्न: आम्ही पुण्यातले छोटे नाट्यनिर्माते. १९६०च्या दशकातलं एक संगीत नाटक दोन वर्षांपूर्वी लेखकाच्या वारसांशी करार करून पुन्हा रंगमंचावर आणलं. करार पाच वर्षांचा आहे. पहिलं वर्ष बरं गेलं, यंदा बुकिंगच नाही. तरी प्रत्येक तिमाहीत सहाच्या वर प्रयोग केले. असं असताना १० ऑक्टोबरला वारसांच्या वकिलांची नोटीस आली की आमचे हक्क ९ ऑगस्टलाच संपले. नोटिशीला उत्तर दिलेलं नाही. प्रयोग चालू आहेत. मुदत संपेपर्यंत नाटक चालवता येईल ना?

उत्तर: या आशयाची पत्रं आता नेमाने येतात. नाटक वेगळं, गाव वेगळं, पण 'करार पाच वर्षांचा आहे' हे वाक्य तेच. तुमच्या प्रकरणात त्या पाच वर्षांना फारसा अर्थ नाही. सगळा निकाल तुमच्या कराराच्या कलम ७ वर आहे. ते तुम्ही सही करताना वाचलं होतं की नाही, हे विचारत नाही. उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे.

कलम ७ असं: 'कोणत्याही सलग ९० दिवसांत किमान सहा सार्वजनिक प्रयोग न झाल्यास सर्व हक्क कोणत्याही सूचनेविना आपोआप वारसांकडे परत जातील.' यात 'तिमाही' हा शब्द कुठेही नाही. तो तुमच्या व्यवस्थापकाच्या वहीत आहे. एप्रिल ते जून सात, जुलै ते सप्टेंबर सात, झाला हिशेब, असं तुम्ही धरून चाललात. आता कॅलेंडर पुढ्यात घ्या. मेमध्ये ५ ते १० तारखेला कोकण दौऱ्यात सलग सहा प्रयोग झाले. मग जूनमध्ये एक, जुलैत एक, आणि थेट २२ ते २७ सप्टेंबरला विदर्भात सहा. ११ मे ते ८ ऑगस्ट हे बरोबर नव्वद दिवस होतात आणि त्यात प्रयोग दोन. नोटिशीत हेच नव्वद दिवस धरलेत. दौऱ्याचे शेवटचे तीन दिवस मिळावेत म्हणून तुम्ही ८ मेपासून मोजायला गेलात तरी बेरीज पाचच होते. एक कमी.

पावसाळ्यात नाटकाचा धंदा मंदावतो, हे वारसांनाही माहीत आहे, न्यायाधीशांनाही माहीत असेल. पण तसा अपवाद करारात लिहिलेला नाही आणि कोर्ट तो तुमच्यासाठी लिहून देणार नाही. जुलैत एका नाट्यगृहाने सरकारी कार्यक्रमासाठी तुमची तारीख ऐन वेळी काढून घेतली, त्याचं पत्र तुम्ही जोडलंय. पत्र जपून ठेवा. कराराच्या 'अपरिहार्य कारणां'च्या यादीत पूर आहे, आग आहे, युद्धसुद्धा आहे. नाट्यगृहाची तारीख रद्द होणं नाही. ८ मेच्या हिशेबात मात्र नेमका एकच प्रयोग कमी पडतो, म्हणून हा मुद्दा मांडावा. टिकेलच असं सांगत नाही. ११ मेच्या हिशेबात तर तो धरूनही भागत नाही.

असल्या अटी आपल्याकडेच आहेत असंही नाही. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर नाट्यगृहाच्या करारात नेहमी अशी तरतूद असते, की आठवड्याचा गल्ला ओळीने दोन आठवडे ठरलेल्या आकड्याखाली गेला तर मालक खेळाला जागा खाली करायला लावू शकतो. फरक इतकाच, की तिथला निर्माता हा आकडा पाठ करून धंद्यात उतरतो.

मग सगळं संपलं का? नाही. तुम्हाला वाचवू शकेल अशी एक गोष्ट तुमच्याच कागदांत आहे आणि तिचा पत्रात तुम्ही उल्लेखही केलेला नाही. बँकेच्या उताऱ्यात ४ ऑक्टोबरची नोंद दिसते: विदर्भातल्या सहा प्रयोगांचं मानधन वारसांच्या खात्यात जमा. त्याच संध्याकाळी धाकट्या वारसांचा व्हॉट्सअॅप निरोप आहे: 'जमा झाले. नागपूरला गर्दी कशी होती?' म्हणजे ज्या तारखेला हक्क संपले असं नोटीस म्हणते, तिच्यानंतरच्या प्रयोगांचे पैसे त्यांनी घेतले, हरकत घेतली नाही, वर विचारपूस केली. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ६३ प्रमाणे करारातला एक पक्ष आपल्याला मिळायची पूर्तता माफ करू शकतो किंवा तिची मुदत वाढवू शकतो. 'आपोआप' शब्द करारात असला तरी, ज्याच्या सोयीसाठी ती अट आहे त्याने तिचा फायदा न घेता करार पुढे चालू ठेवला, असा युक्तिवाद इथे सरळ उभा राहतो. उभा राहतो म्हणतो, जिंकतो म्हणत नाही. कारण अशा करारांत शेवटी बहुधा एक ओळ असते: एखाद्या वेळी सवलत दिली म्हणून हक्क सोडला असं समजू नये. ती तुमच्या करारात आहे का? तुम्ही पहिल्या चार पानांचे फोटो पाठवलेत. चौथं पान कलम १३ च्या मध्येच तुटतं. पाचवं कुठे आहे? सल्ला मागताना सह्यांचं पान आणि त्याच्या आधीचं पान गाळायचं, ही कुठली पद्धत?

आता तुमची खरी चूक. नोटीस आल्याच्या रागात तुम्ही ऑक्टोबरच्या दोन आणि नोव्हेंबरच्या एका प्रयोगाचं मानधन थांबवून ठेवलंय. वारसांनी पैसे स्वीकारले हाच तुमचा मुख्य आधार, आणि पुढचे पैसे द्यायचे तुम्हीच बंद केलेत. वरून मानधन थकवणं हा कराराचा स्वतंत्र भंग. कलम ७ चं काय व्हायचं ते होवो, तो भंग तुम्ही आयता त्यांच्या हातात दिलात. उद्या बँक उघडल्यावर पैसे भरा, रोखीने नाही. सोबत हिशेब आणि एक छोटं पत्र: 'आमचे सर्व हक्क अबाधित राखून ही रक्कम भरत आहोत.' त्यांनी परत पाठवले तर परत आल्याची नोंद जपा. व्हॉट्सअॅपचा निरोप ज्या फोनवर आला तो फोन विकू नका, बदलू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र त्यासाठी लागेल; हे कलम ६३ वेगळं, वरच्याशी गल्लत नको.

नोटिशीचं उत्तरही याच आठवड्यात गेलं पाहिजे. 'उत्तर दिलं तर अडकाल' असं तुम्हाला कुणी मित्राने सांगितलं म्हणे. त्या मित्राच्या नावावर फौजदारी तक्रार होणार नाही, तुमच्या नावावर होऊ शकते. हक्क संपल्यानंतर जाणूनबुजून प्रयोग करणं हा कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली गुन्हा ठरू शकतो (हो, पुन्हा ६३) आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो दखलपात्र आणि अजामीनपात्र धरला आहे. घाबरवायला सांगत नाही. 'आम्ही प्रामाणिकपणे करार चालू समजत होतो' हे तुमचं म्हणणं नोटिशीनंतर दीड महिना गप्प राहून केलेल्या प्रत्येक प्रयोगागणिक पातळ होत जातं. उत्तरात एवढं हवं: सप्टेंबरच्या मानधनाचा स्वीकार, तारीख रद्द झाल्याचं पत्र, आणि करार चालू असल्याचं ठाम म्हणणं. तिमाहीचा मुद्दा घालू नका. तो लिहिलात तर कलम वाचलंच नव्हतं याची लेखी कबुली होईल.

कोर्टात कॅव्हेट (आम्हाला कळवल्याशिवाय हुकूम देऊ नका, असा आगाऊ अर्ज) दाखल करा, म्हणजे तुम्हाला न ऐकता मनाई हुकूम निघण्याचा धोका कमी होईल. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८अ खालचं कॅव्हेट नव्वद दिवस टिकतं. नंतर पुन्हा घाला. कॉपीराइट कायद्याचं कलम ६२ वारसांना ते राहतात त्या ठिकाणीही दावा लावू देतं. ते मुंबईत राहतात, म्हणजे एकट्या पुण्यातल्या कॅव्हेटवर निर्धास्त राहू नका. पाचव्या पानावर लवादाचं कलम निघालं तर मात्र वाट बदलते: अंतरिम दाद लवाद कायद्याच्या कलम ९ खाली मागावी लागते आणि ती मिळाली तर नव्वद दिवसांत लवाद सुरू करावा लागतो.

तुम्ही स्वतः दावा लावून हक्क चालू असल्याचं जाहीर करून घ्यावं का? मी घाई करणार नाही. व्यापारी वादात तातडीची दाद मागायची नसेल तर व्यापारी न्यायालय कायद्याच्या कलम १२अ प्रमाणे आधी मध्यस्थी सक्तीची. तिला तीन महिने, दोघे तयार असतील तर आणखी दोन. मग दावा, मग तारखा. करारातली उरलेली तीन वर्षं अंतिम सुनावणीच्या आधी संपतील याची जवळजवळ खात्री देतो, आणि ही एकच खात्री या उत्तरात मी देतोय. अशा खटल्यात जे काही मिळायचं ते अंतरिम अर्जावर मिळतं. तिथे तुमची एक बाजू लंगडी आहे: नाटक तोट्यात आहे. न्यायाधीश विचारतील, प्रयोग थांबले तर तुमचं भरून न येणारं नुकसान ते कोणतं? ऑर्गनवादकापासून तबलजीपर्यंतच्या नाइट (दर प्रयोगाचं मानधन), नेपथ्याचा टेम्पो, कलाकारांची बस, जाहिरात हे सगळे खर्च थांबणारच आहेत. उत्तर तयार ठेवा. नेपथ्यावर आणि तालमींवर आधीच घातलेला पैसा, हाती असलेली कंत्राटं, लागलेल्या तारखा कागदावर दाखवता यायला हव्यात.

बाकीचे दोन मुद्दे पटकन. पाठवलेल्या चार पानांवर तीनपैकी दोनच वारसांच्या सह्या दिसतात. तिसऱ्या वारसाची, म्हणजे परदेशातल्या बहिणीची, संमती नसेल तर परवानगीच अपुरी ठरण्याचा धोका आहे; मुखत्यारपत्र होतं का, पाहा. दुसरं, करार फक्त लेखकाच्या वारसांशी आहे. संगीतकार वेगळे होते आणि चालींचा कॉपीराइट वेगळा असतो. त्याबद्दल तुमच्या कागदांत काहीच नाही. इतके दिवस कुणी विचारलं नाही हे नशीब.

'इतकं जुनं नाटक, त्यावर कसला हक्क' असं तुम्ही शेवटी लिहिलंय, म्हणून सांगतो. मुदत नाटकाच्या वयावर नसते. कर्ता गेला ते वर्ष संपल्यापासून साठ वर्षं. 'मानापमान' १९११चं, पण कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ मध्ये गेले, म्हणून संहिता २००८च्या अखेरीस खुली झाली. चाली गोविंदराव टेंब्यांच्या. ते १९५५ मध्ये गेले, त्यामुळे चालींसाठी २०१५ संपण्याची वाट पाहावी लागली. १९६७चं 'कट्यार काळजात घुसली' घ्या: पुरुषोत्तम दारव्हेकर १९९९ मध्ये गेले, जितेंद्र अभिषेकी १९९८ मध्ये. म्हणजे शब्द २०५९च्या अखेरपर्यंत आणि संगीत २०५८च्या अखेरपर्यंत बांधलेलं. तुमचं नाटक त्याच दशकातलं आहे. काढा हिशेब.

खरी वाट कोर्टाबाहेर आहे. वारसांना नाटक बंद पाडायचं नाही, असं त्या निरोपावरून तरी वाटतं. बहुधा दुसऱ्या कुणी निर्मात्याने दार ठोठावलंय. पुरवणी करार मागा: सलग नव्वद दिवसांऐवजी करारवर्षात अठरा प्रयोग, जून ते ऑगस्ट वगळून, आणि प्रयोग कमी पडले तर तेवढ्या प्रयोगांचं किमान मानधन भरून हक्क राखण्याची मुभा. शेवटची अट त्यांनाही आवडेल. पैसे घरबसल्या येतात. हे दोन वर्षांपूर्वी मागितलं असतं तर एका दुपारचं काम होतं. आता त्याची किंमत मोजावी लागेल.

ते होईपर्यंत कलम ७ आहे तसंच लागू आहे असं धरूनच चाला. विदर्भ दौऱ्यानंतर आजवर तीन प्रयोग झालेत. २६ सप्टेंबरपासूनचे नव्वद दिवस २४ डिसेंबरला भरतात, २८ सप्टेंबरपासूनचे २६ डिसेंबरला. सुरक्षित हिशेब असा, की २४ डिसेंबरच्या आत आणखी तीन प्रयोग लागले पाहिजेत. तिकीटविक्रीचे जमत नसतील तर कंत्राटी (आयोजक ठरलेली रक्कम देऊन बोलावतो ते) घ्या, पण पडदा उघडून पूर्ण नाटक होऊ द्या. नुसत्या नाट्यपदांचा कार्यक्रम 'प्रयोग' म्हणून मोजला जाईल यावर विसंबू नका. प्रत्येक वेळी नाट्यगृहाची भाडेपावती आणि जाहिरातीचं कात्रण एका फाइलला लावा. आणि ते पाचवं पान पाठवा.