मशीनवर भरलेला स्नोफ्लेक धुतल्यावर का सुटतो, आणि तो हातकाम म्हणून विकता येतो का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: भरतकामाच्या मशीनवर भरलेला स्नोफ्लेक, म्हणजे नाताळच्या झाडाला टांगायचा लेसचा हिमकण, पाण्यात टाकला की धाग्यांचा गुंता का होतो, आणि मशीनचं काम हस्तकला म्हणून विकायला ठेवावं का.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. तुम्ही कापडासाठीचं डिझाइन स्टॅबिलायझरवर, म्हणजे भरताना टाक्यांना आधार देणाऱ्या आणि पाण्यात विरघळणाऱ्या थरावर भरलंय. फ्री स्टँडिंग लेसच्या, म्हणजे कापडाशिवाय टिकणाऱ्या लेसच्या, डिझाइन-फाइलमध्ये आधी एकमेकांना छेदणाऱ्या टाक्यांची जाळी पडते आणि वरचे सॅटिन टाके, म्हणजे शेजारी-शेजारी दाट भरलेले टाके, तिला धरून बसतात. ती जाळीच नसेल तर स्टॅबिलायझर गेला की सगळं गेलं. तशी फाइल घ्या. पातळ प्लॅस्टिकसारखी फिल्म नको, कापडासारखा दिसणारा प्रकार दोन थर लावा. बॉबिनमध्ये, म्हणजे खालच्या धाग्याच्या रिळात, वरचाच धागा भरा.

दुसरा प्रश्न मात्र मला लागला.

आम्ही वसईचे. नाताळच्या आधी आमच्याकडे विक्रीमेळा भरतो. मी झाडाला टांगायचे पांढरे आणि चंदेरी स्नोफ्लेक नेले होते. आमच्या मोठ्या जाऊबाई क्रोशाचं काम करतात, अप्रतिम करतात, त्यामुळे मांडणीत त्यांचा शब्द चालतो. त्यांनी एक स्नोफ्लेक उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हे रेडिमेड. बटण दाबलं की होतं." माझा डबा हातकामाच्या टेबलावरून उचलून लाइटच्या माळांशेजारी ठेवला गेला.

उलटा करून पाहिला तेव्हाच त्यांना कळायला हवं होतं. मागची बाजू पुढच्यासारखीच स्वच्छ होती. वरचा आणि बॉबिनचा ताण जुळवत बसल्याशिवाय ती तशी येत नाही. चंदेरी धागा सारखा तुटतो. वेग उतरवायचा, मोठ्या नेढ्याची सुई लावायची आणि डोळा काढायचा नाही. मग एका टोकावरून दुसऱ्यावर गेलेले सुटे धागे धुण्याआधी एकेक कापायचे. बटण दाबून हे होत नाही.

आणि यंत्रावरची लेस काही काल-परवाची नाही. स्वित्झर्लंडच्या इझाक ग्रोबली यांनी १८६३ मध्ये शिफली हे भरतकामाचं यंत्र काढलं. १८८० च्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॅलन आणि जर्मनीतल्या प्लाउएनच्या भागात भरतकाम करून खालचं कापड रसायनाने काढून टाकायची पद्धत रुजली. आपण आज पाण्यात करतो ते तेच. प्लाउएनच्या लेसला १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ग्रां प्री मिळालं, आणि वसईत तिला हातकामाच्या टेबलावर जागा नाही! मला हे पटलेलं नाही आणि पटणारही नाही.

धुताना कोमट पाणी घ्या, पण बुळबुळीतपणा पूर्ण जाईपर्यंत धुऊ नका. बोटांना थोडं चिकट लागतंय तोवरच बाहेर काढा. वाळल्यावर तीच खळ होते. टॉवेलवर सपाट ठेवून प्रत्येक टोक टाचणीने ताणा, नाहीतर कडा वळतात. आणि सहाच हातांचं डिझाइन निवडा. पाणी गोठताना त्याचे रेणू षटकोनी रचनेत बसतात, म्हणून हिमस्फटिकाला सहा हात असतात. आठ हातांचा सुबक दिसेल, पण तो स्नोफ्लेक नव्हे.

हो, फाइल विकत घेतली असेल तर त्यावर केलेला माल विकायची परवानगी आहे का ते आधी वाचा. फाइल मशीनवर लहान-मोठी करू नका, जाळीचा मेळ बिघडतो. नाताळचं काम पावसाळ्यातच सुरू करणार असाल तर स्टॅबिलायझर हवाबंद पिशवीत ठेवा, आपल्या दमट हवेत तो लिबलिबीत होतो आणि हूपमध्ये, म्हणजे तो ताणून धरणाऱ्या चौकटीत, ताठ बसत नाही.

तेव्हा विकायला नक्की ठेवा. पाटीवर 'मशीन भरतकाम' असं स्पष्ट लिहा, पण जागा हातकामाच्या टेबलावरच मागा. कुणी बटणाची गोष्ट काढली तर एक न धुतलेला नमुना स्टॅबिलायझरसकट शेजारी ठेवा आणि तो त्यांच्याच हातात द्या.