बाईंवर राज्य

प्रिय मुली,

परवा अप्पा बळवंत चौकातून आणलेली चेहऱ्यांची कार्डे तू माझ्यापुढे मांडलीस आणि "बाई, खेळ चांगला होता, मग फसला कसा?" असे विचारलेस, तेव्हा मी चहा पुढे केला आणि उत्तर टाळले. तू शिकवतेस त्या वर्गात आपल्याला कसे वाटते ते दाखवायला एका मुलाने भीतीचे कार्ड उचलले, बाकीचे हसले आणि त्यानंतर प्रत्येकाने हसरा चेहराच उचलला, एवढीच हकीकत होती. ती ऐकून माझी झोप उडाली, कारण असेच माझ्याही वर्गात घडले होते.

माझ्या शिशुवर्गात भिंतीवर तक्ता होता आणि मुलांनी रोज सकाळी आपल्या नावापुढे एक चेहरा चिकटवायचा असे. एक मुलगा वर्षभर हसरा चेहरा चिकटवत राहिला आणि मी त्याला शाबासकी देत राहिले. मार्चमध्ये त्याच्या आजीने सांगितले की तो घरून निघताना रोज रडत असे. बाईंना कोणते उत्तर आवडते, एवढेच तो माझ्याकडून शिकला होता. त्या तक्त्यावर माझे नाव मात्र एकाही दिवशी नव्हते.

म्हणून सांगते, राज्य घे. लपंडावात जसे कोणावरही राज्य येते, तसे ते बाईंवरही आले पाहिजे. पालकसभेच्या आदल्या रात्री पोटात गोळा येतो, हे तू मला सांगितलेस. मुलांना का नाही सांगितलेस? तू ते आधी बोलली असतीस, तर त्या मुलाचे कार्ड वर्गातले दुसरे ठरले असते, आणि दुसऱ्याला सहसा कोणी हसत नाही. घरातली मोठी दुःखे मुलांपुढे मांडू नयेत, हे तुला कळतेच. मी लहान पण खऱ्या गोष्टीबद्दल बोलते आहे.

ती कार्डे काही दिवस कपाटात ठेव. त्यांत आनंद, दुःख, राग आणि भीती आहे, पण रुसवा नाही. रागावलेले मूल दूर जाते आणि रुसलेले मूल कोणीतरी समजूत काढायला येईल म्हणून कोपऱ्यात वाट पाहते. हा फरक पाच वर्षांच्या मुलांना पक्का ठाऊक असतो, फक्त शब्द आपण द्यायचा असतो.

त्याऐवजी 'मामाचं पत्र हरवलं' खेळ. रुमालाच्या गाठीत मुलांनीच लिहिलेली चिठ्ठी बांध. ज्याच्या मागे रुमाल पडेल त्याने धावायचे आणि फेरी संपली की चिठ्ठी उघडून वाचायची. ज्याला अजून लिहिता येत नाही, त्याने चित्र काढावे. माझ्या मागे एकदा रुमाल पडला आणि चिठ्ठीत होते, 'मला रग आला'. मी लिहिले होते तसेच वाचले. सगळी मुले "राग! राग!" म्हणून ओरडली आणि लिहिणाऱ्याने स्वतः उठून काना दिला. कानामात्रेचे महत्त्व मी फळ्यावर महिनाभर शिकवले होते, पण ते त्याला पटले त्या क्षणी, कारण आपले म्हणणे बाईंपर्यंत पोहोचत नाही, हे त्याला दिसले. मग मलाही शेवटचा राग कधी आला ते सांगावे लागले. मी बाहेर उभी राहून शिट्टी वाजवत असते, तर यातले काहीच घडले नसते.

"वेळ कुठे आहे?" हे मात्र मला पुन्हा ऐकवू नकोस. केंद्र सरकारने २०२१ मध्ये सुरू केलेल्या निपुण भारत अभियानातही तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, हेच ध्येय आहे; नुसत्या गिरवलेल्या वह्यांनी ते गाठता येत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत सुरू केलेले बालशिक्षणाचे काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणात गेली. तुला तर खुर्चीवरून सतरंजीवर एवढेच यायचे आहे.

मी हे केले त्याची किंमतही मोजली. वह्या कोऱ्या दिसल्या म्हणून दोन वर्षे माझ्याकडून शिशुवर्ग काढून घेण्यात आला. मी वह्या भरून घेतल्या नाहीत, हे खरे आहे, आणि आजही घेणार नाही. माझी मुले दुसरीत गेल्यावर न अडखळता वाचत होती. ते मात्र कोणी मला विचारले नाही. चूक एवढीच झाली की मी वाद घालत बसले. त्या चिठ्ठ्या तारखा घालून जपल्या असत्या, तर 'रग'पासून 'राग'पर्यंतचा प्रवास पालकांना मी हातात देऊ शकले असते. तू जप. पालकसभेत वहीऐवजी चिठ्ठ्यांची ती फाइल पुढे कर आणि मग पालकांनाही गोलात बसव. राज्य त्यांच्यावरही येऊ दे.

सोमवारी रुमाल घेऊन जा. भीतीचे कार्ड उचलणाऱ्या त्या मुलाच्या मागे पहिल्या दिवशी तो पडू देऊ नकोस. आधी तुझ्या मागे पडू दे, धाव, हरलीस तर राज्य घे, आणि तो मुलगा कुणाकडे पाहून हसतो ते मला संध्याकाळी कळव.

तुझ्या बाई