गरोदरपणी तूप खाल्लं म्हणून ऑटिझम होत नाही

चार वर्षांच्या लेकाला ऑटिझम (स्वमग्नता) असल्याचं निदान ऐकून आधीच धक्का बसलेला, त्यात 'तू गरोदरपणी तूपतेल खाल्लंस, आतड्यातले जिवाणू बिघडले' असं घरातून ऐकवलं जातंय, हे तुमच्या पत्रात वाचून वाईट वाटलं. हे बोलणं मनावर घेऊ नका.

याचं मूळ बहुधा २०१६ च्या एका प्रयोगात आहे. ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमध्ये उंदरांच्या माद्यांना जो आहार दिला, त्यातले ६० टक्के उष्मांक नुसत्या चरबीतून येत होते. त्यांची पिल्लं इतर उंदरांत मिसळेनात, आणि त्यांच्या आतड्यात 'लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी' हा जिवाणू फार कमी होता. तो पाण्यातून दिल्यावर पिल्लं मिसळू लागली. प्रयोग उत्तम आहे, पण त्यात मोजली ती उंदरांची वागणूक. डिंकाच्या लाडवांनी कुणाचा आहार त्या ६० टक्क्यांवर जात नाही.

मुलांमध्ये तर उलटंच दिसलं. ऑस्ट्रेलियात २४७ मुलांच्या शौचाचे नमुने तपासले, तो अभ्यास २०२१ मध्ये आला. ऑटिझमचा जिवाणूंशी थेट संबंध जवळजवळ सापडला नाही. ऑटिझम असलेली मुलं मोजकेच पदार्थ खातात, म्हणून जिवाणूंचे प्रकार कमी होतात, असं त्यातून दिसलं. माझा मुलगा कित्येक वर्षं दहीभात आणि ठरावीक बिस्किटांवर होता, त्यामुळे मला हे लगेच पटलं.

आईच्या भावनिक थंडपणामुळे ऑटिझम होतो, असं अमेरिकेत १९५०-६० च्या दशकांत डॉक्टरच सांगत. किती आया त्यात होरपळल्या! आज आनुवंशिकतेचा वाटा सगळ्यात मोठा असल्याचं जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसतं.

जिवाणूंच्या महागड्या तपासण्या नकोत. गहू-दूधही परस्पर बंद करू नका. चारच पदार्थ खाणाऱ्या मुलाचे दोन काढले तर तो खाणार काय? बद्धकोष्ठता असेल तर मात्र बालरोगतज्ज्ञांना नक्की दाखवा. पोट दुखतंय हे त्याला सांगता येत नाही, मग चिडचिड होते. पैसे स्पीच थेरपी (बोलणं-संवाद शिकवणारी) आणि ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं शिकवणारी) यांसाठी ठेवा.

दुसऱ्या बाळाचा विचार आहे म्हणालात. फॉलिक अ‍ॅसिड दिवस राहण्याआधीच सुरू करा. नॉर्वेतल्या ८५,००० हून जास्त मुलांच्या पाहणीत, ते वेळेवर घेतलेल्या आयांच्या मुलांत ऑटिस्टिक डिसऑर्डरचं, म्हणजे ऑटिझमच्या तीव्र प्रकाराचं, प्रमाण ०.१० टक्के होतं, न घेतलेल्यांच्या मुलांत ०.२१. एवढ्यावरून कार्यकारण ठरत नाही, पण बाळाच्या मज्जारज्जूसाठी ती गोळी घ्यायचीच असते. फिट्ससाठी व्हॅल्प्रोएट चालू असेल तर आधीच न्यूरॉलॉजिस्टला भेटा, कारण त्या औषधाने बाळाला ऑटिझम होण्याचा धोका खरोखर वाढतो. मनाने मात्र बंद करू नका.