वाचकांचे प्रश्न : अ‍ॅस्पेनच्या मांडवात शिरण्यापूर्वी

प्रश्न : आमचा मुलगा अमेरिकेत डेन्व्हर येथे राहतो. येत्या जूनमध्ये आम्ही उभयता त्याच्याकडे जाणार आहोत. त्या सुमारास अ‍ॅस्पेन या गावी ‘फूड अँड वाइन क्लासिक’ नावाचा मोठा महोत्सव भरतो आणि त्यात दूरचित्रवाणीवर दिसणारे नामवंत शेफ येतात, असे तो सांगतो. आम्हां तिघांचे पास काढण्याचा त्याचा विचार आहे. मी अधूनमधून वाइन घेतो. पत्नी शाकाहारी आहे आणि मद्य घेत नाही. माझे वय ६६ असून रक्तदाबाची गोळी चालू आहे. एवढा खर्च करावा का, आणि केल्यास तयारी काय करावी?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : खर्चाचा भाग आधी निकालात काढू. हा महोत्सव १९८३ पासून भरतो आणि तीन दिवस चालतो. त्याच्या पासची किंमत अलीकडे माणशी दोन हजार डॉलरच्या घरात गेली आहे. राहणे आणि रात्रीचे जेवण यांचा खर्च त्यात धरलेला नसतो. या पैशांत शेफ मंडळींची प्रात्यक्षिके, वाइनची चर्चासत्रे आणि ‘ग्रँड टेस्टिंग’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भव्य पांढऱ्या मांडवातील प्रवेश, अशा तीन गोष्टी मिळतात. त्यांपैकी मांडवाचा बहुतांश भाग वाइनने आणि सामिष पदार्थांनी व्यापलेला असतो. त्यामुळे वहिनींचा पास काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रात्यक्षिकांसाठी का होईना त्यांना न्यावे, असे आपल्या मुलाला वाटत असेल, तर त्याने कार्यक्रमपत्रिका डोळ्यांखालून घालावी. जाक पेपँ यांच्यासारखा जुना जाणता फ्रेंच शेफ सबंध कोंबडीतून हाडे कशी अलगद सोडवतो, हे पाहणे माझ्या दृष्टीने सतारवादकाची बोटे पाहण्याइतके आनंदाचे आहे. पण शाकाहारी व्यक्तीने त्यासाठी दीड लाखाहून अधिक रुपये का मोजावेत, याचे उत्तर माझ्याजवळ नाही.

वहिनींचा वेळ मात्र मुळीच वाया जाणार नाही. अ‍ॅस्पेनची वस्ती जेमतेम सात हजारांची आहे, गाव पायी हिंडण्याजोगे आहे, गावातल्या गावात फिरण्यासाठी मोफत बस आहे, आणि मरून बेल्स ही डोंगरांची प्रसिद्ध जोडगोळी दहा-बारा मैलांवर आहे. तिकडे जाणाऱ्या बसचे आरक्षण उन्हाळ्यात आधी करावे लागते, एवढे लक्षात ठेवावे.

आता आपल्या रक्तदाबाकडे वळते, कारण आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे आणि आपण ती जाता जाता लिहिली आहे. अ‍ॅस्पेन समुद्रसपाटीपासून सुमारे ७,९०० फुटांवर वसलेले आहे. आपले कळसूबाईचे शिखर सुमारे ५,४०० फूट आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावरून आणखी अडीच हजार फूट चढून गेल्यावर जेथे पोहोचू, तेथे बसून आपण वाइन घेणार आहात. त्या उंचीवर हवा विरळ आणि कोरडी असते, शरीरातील पाणी नकळत कमी होते, धाप लागते, डोके जड होते. आणि हीच लक्षणे मद्याचीही असल्यामुळे त्रास नेमका कशाचा आहे, हे कळेनासे होते. सुदैवाने डेन्व्हर स्वतःच ५,२८० फुटांवर आहे. तेव्हा मुंबईहून उतरल्याबरोबर अ‍ॅस्पेन गाठण्याऐवजी चार-पाच दिवस मुलाच्या घरी मुक्काम करावा, महोत्सवाच्या आदल्या दिवशी अ‍ॅस्पेनला पोहोचावे आणि त्या संध्याकाळी मद्याला हात लावू नये. निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना दोन प्रश्न स्वतंत्रपणे विचारावेत : एक, या उंचीवर राहणे मला चालेल का, आणि दोन, माझ्या गोळीबरोबर वाइन चालेल का. दोन्ही प्रश्न एकत्र विचारले, की ‘बेताने घ्या’ असे एकच गुळमुळीत उत्तर मिळते, असा माझा अनुभव आहे.

डेन्व्हरहून मोटारीने जाण्यास साधारण चार तास लागतात. इंडिपेंडन्स पासवरून जाणारा घाटरस्ता उन्हाळ्यात उघडतो, तो अत्यंत देखणा आहे. पण तो बारा हजार फुटांवर चढतो आणि काही ठिकाणी इतका अरुंद आहे, की समोरून गाडी आली तर श्वास रोखून धरावा लागतो. ग्लेनवुड स्प्रिंग्सवरून जाणारा महामार्ग त्या मानाने सोयीचा आहे. त्या तीन दिवसांत अ‍ॅस्पेनमधील खोल्यांचे भाडे ऐकून आपल्याला भोवळ येईल. म्हणून बरेच लोक खालच्या खोऱ्यातील बसॉल्ट, कार्बनडेल किंवा ग्लेनवुड स्प्रिंग्स येथे उतरतात आणि बसने ये-जा करतात. बसचा पर्याय निवडावा असे मी आणखी एका कारणासाठी सांगते. सबंध दुपार मांडवात घालवल्यावर मुलाने गाडी चालवू नये.

मांडवातील एकेक सत्र दोन तासांच्याही आत आटोपते, आणि तेवढ्यात शेकडो वाइन मांडलेल्या असतात. एका वेळी साधारण ३० मिलिलिटर वाइन ओतून देतात. आपल्याला तो घोटभर प्रकार वाटतो, परंतु बाटली ७५० मिलिलिटरची असते, म्हणजे पंचवीस घोट घेतले की अख्खी बाटली पोटात गेली. लग्नाच्या पंगतीत ‘सगळे थोडे थोडे वाढा’ म्हणणाऱ्याची जी गत होते, तीच येथे होते. म्हणून घरून निघतानाच एक प्रदेश किंवा द्राक्षाची एक जात ठरवून घ्यावी, आठ-दहा टेबलांपुढे जाऊ नये, आणि आत शिरल्यावर दाराजवळच्या गर्दीत न थांबता सरळ मांडवाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन तेथून उलट यावे. सकाळी पोटभर न्याहारी करावी, कारण तेथील पदार्थ एका घासाचे असतात आणि त्यांवर भूक भागत नाही. पाण्याची बाटली सतत हाताशी असावी. मुख्य मांडव वॅगनर पार्क नावाच्या हिरवळीवर उभारतात, जेथे एरवी रग्बीचे सामने होतात. त्यामुळे सपाट तळव्याची पादत्राणे घालावीत. दुपारी ऊन बोचते आणि संध्याकाळी स्वेटर लागतो.

एक पास निघाला, तर माझ्या मते त्याची खरी किंमत चर्चासत्रांत वसूल होते. मांडवात आपण गर्दीतील एक असतो; चर्चासत्रात समोर पेल्यांची ओळ, हातात कागद, आणि आयुष्यभर हेच काम केलेला माणूस पाऊण तास एकाच विषयावर बोलत असतो. अशी सत्रे लवकर भरतात, तेव्हा पंधरा-वीस मिनिटे आधी जाऊन रांगेत उभे राहावे.

प्रश्न : गेल्या हिवाळ्यात मी प्रथमच एका वाइनरीत चव घेण्याच्या कार्यक्रमाला गेलो. तेथे काही मंडळी तोंडातली वाइन चक्क एका भांड्यात थुंकत होती. मला ते किळसवाणे वाटले. पैसे देऊन घेतलेली वाइन थुंकायची कशासाठी? मोठ्या महोत्सवात असे न केल्यास हसे होते का?
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : हसे कोणाचेही होत नाही. परंतु ज्यांच्या पूर्वजांच्या घरी बैठकीत पिकदाणी असायची, त्यांनी त्या भांड्याला नाक मुरडावे, याची मला थोडी गंमत वाटते.

कारण साधे आहे. जिभेला कळतात त्या गोड, आंबट, कडू, खारट अशा मोजक्या चवी. वाइनमधील फळांचा, मसाल्यांचा, लाकडाचा जो भास होतो तो वासाचा असतो, आणि तो तोंडाच्या मागील बाजूने नाकात चढतो. वाइन तोंडात पाच-सहा सेकंद घोळवून किंचित हवा आत ओढली, की हे काम पूर्ण झालेले असते. गिळल्याने चवीत फारशी भर पडत नाही, नशेत मात्र पडते. ज्यांना एका दिवसात चाळीस वाइनवर टिपणे लिहायची असतात, त्यांना थुंकण्यावाचून गत्यंतर नसते. आणि तरीही थोडे मद्य तोंडातून शरीरात जातेच, म्हणून तेही गाडी चालवण्याचे टाळतात. आपल्याला लाज वाटत असेल, तर घरी मोरीत साध्या पाण्याने सराव करावा. ओठांचा चंबू करून, वाकून, बारीक आणि सरळ धार सोडायची. त्या दिवशी फिक्या रंगाचा सदरा घालू नये. ते जमणार नसेल, तर एक घोट घेऊन पेल्यातील उरलेली वाइन त्याच भांड्यात ओतून द्यावी. ओतणाऱ्याला त्यात अपमान वाटत नाही.

हसे होते ते दुसऱ्याच गोष्टीने, आणि ते माझे झालेले आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका कार्यक्रमाला मी हौसेने मोगऱ्याचा भरगच्च गजरा माळून गेले होते. पहिली पांढरी वाइन नाकाशी नेली आणि ‘मोगरा!’ असे मोठ्याने म्हणाले. दुसऱ्या वाइनलाही मोगराच. तिसऱ्या वेळी सूत्रसंचालकांनी अत्यंत अदबीने मला शेवटच्या, खिडकीजवळच्या खुर्चीवर बसण्याची विनंती केली, तेव्हा माझ्या शेजाऱ्यांनाही सगळीकडे मोगराच येत होता, हे ध्यानात आले. अत्तर, सुगंधी तेल, तंबाखू, पान हे सारे त्या दिवसापुरते वर्ज्य समजावे.

क्रमही सांभाळावा. आधी बुडबुड्यांची, मग पांढरी, मग गुलाबी, मग तांबडी आणि शेवटी गोड. हा क्रम उलटा केला, तर नंतरची प्रत्येक वाइन पाण्यासारखी लागते. मधूनमधून पाणी प्यावे आणि कोरड्या पावाचा तुकडा खावा. पेला दांडीला धरावा, म्हणजे तळहाताच्या उष्णतेने वाइन कोमट होत नाही.

आपण नाशिकचे आहात म्हणून एक गोष्ट अधिक लिहिते. अ‍ॅस्पेनच्या मांडवातील वाइन जगभरातून ट्रकांनी आणि विमानांनी आलेली असते. गावाभोवती द्राक्षाचा वेल औषधालाही सापडणार नाही. आपल्याकडे जानेवारी ते मार्च या काळात द्राक्षतोडणी चालते, आणि ज्या शेनिन ब्लाँ या पांढऱ्या वाइनची आपण चव घेता, तिच्या द्राक्षांचे घड दहा पावलांवर लोंबत असतात. सुला फेस्ट २००८ पासून नाशिकला भरू लागला, पण त्यात संगीताचा जोर अधिक राहिला. वाइन समजून घ्यायची असेल, तर महोत्सवाचा दिवस सोडून तोडणीच्या हंगामातील एखाद्या साध्या मंगळवारी सकाळी जावे आणि चव घेण्याआधी वेलीवरचे चार मणी खावेत.

प्रश्न : मी हॉटेल मॅनेजमेंटची विद्यार्थिनी आहे. अशा महोत्सवांत प्रसिद्ध शेफ खरोखर स्वतः स्वयंपाक करतात का? त्यांना भेटण्याची संधी मिळाली तर काय विचारावे?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : मंचावर करतात, पण कांदा चिरलेला, रस्सा आटवलेला आणि तयार पदार्थाची एक ताटली टेबलाखाली आधीच ठेवलेली असते. मांडवात दोन तासांत शेकडो लोकांना जो एकेक घास मिळतो, तो अर्थातच त्यांच्या चमूने आदल्या दिवसापासून खपून तयार केलेला असतो. यात फसवणूक काही नाही. पाहुण्यांसमोर पुरणपोळी तव्यावर टाकली म्हणजे पुरण त्याच क्षणी वाटले, असे आपणही समजत नाही.

‘आपली प्रेरणा काय?’ हा प्रश्न विचारू नये; त्याचे उत्तर त्यांना झोपेतही पाठ असते. प्रश्न कृतीचा असावा. २०११ साली ‘टॉप शेफ मास्टर्स’ या अमेरिकी स्पर्धेच्या अंतिम फेरीत, मुंबईत जन्मलेले शेफ फ्लॉइड कार्डोझ यांनी रानटी अळंबी, कोकम आणि नारळाचे दूध यांच्या साथीने चक्क उपमा वाढला आणि ते विजयी झाले. २०२० मध्ये ते गेले. ते भेटले असते तर मी एवढेच विचारले असते, की उपमा खाली उतरवल्यावर काही मिनिटांत घट्ट होतो, मग परीक्षकांच्या ताटात जाईपर्यंत तो सैल कसा राखला? असा प्रश्न ऐकला, की शेफ हातातले काम थांबवून बोलू लागतात. ताटे वाढली जात असताना मात्र छायाचित्रासाठी अडवू नये.

तिकीट काढण्याऐवजी काम करून आत जाण्याचा मार्ग आपल्यासाठी अधिक योग्य आहे. मायामीजवळील साउथ बीच येथे २००२ पासून भरणाऱ्या अशाच मोठ्या महोत्सवाचे उत्पन्न फ्लोरिडा इंटरनॅशनल युनिव्हर्सिटीच्या आतिथ्यशास्त्र विद्यालयास मिळते, आणि तेथील विद्यार्थी महोत्सवात प्रत्यक्ष राबतात. पुढील शिक्षणासाठी परदेशी संस्था निवडताना तिचे अशा महोत्सवाशी नाते आहे का, हे जरूर पाहावे. भारतातही महोत्सवांच्या संयोजकांना कांदे सोलण्यापासून टेबले पुसण्यापर्यंत हात हवेच असतात; प्राचार्यांच्या पत्रासह दोन महिने आधी अर्ज करावा.

प्रश्न : अ‍ॅस्पेनच्या महोत्सवात नऊ वर्षांच्या नातीला नेता येईल का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : नाही. एकवीस वर्षांखालील कोणालाही तेथे प्रवेश नाही, कडेवरच्या बाळालाही नाही. आपले केस पांढरे असले, तरी वयाचा पुरावा आपल्याकडेही मागतील. पासपोर्ट बरोबर ठेवावा.