आधी त्या फंक्शनचं नाव बदल

बाबू,

तुझा रात्रीचा मेसेज सकाळी वाचला. अडत्यांसाठीच्या तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये शेतकऱ्याच्या पट्टीचे, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या कागदाचे, नंबर मध्येच गळत होते, कारण शोधता शोधता तुझ्या रात्री गेल्या, आणि शेवटी ते सापडलं तेव्हा सीनियरने सगळ्यांसमोर विचारलं, "एवढं साधं दिसलं नाही?" म्हणून आता तू मला विचारतोस, ताई, हे काम मला जमेल का?

त्याचं उत्तर मी देणार नाही. प्रश्न तुझ्याबद्दलचा नाहीच. तू पाठवलेला कोड मी पूर्ण वाचला. त्यातल्या एका फंक्शनचं, म्हणजे एक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याचं, नाव 'गेटपट्टी'. 'गेट'ने (get, म्हणजे आण) सुरू होणारं फंक्शन माहिती आणून देतं, कशाला धक्का लावत नाही, हा संकेत जगभर पाळला जातो. तू ते प्रीव्ह्यूच्या बटणाला जोडलंस. मीही जोडलं असतं. पण आत ते नवा नंबर काढतं, डेटाबेसमध्ये नोंद टाकतं आणि मग पट्टी परत देतं. काटोलहून संत्रा घेऊन आलेल्या शेतकऱ्याला हिशोब दाखवायला अडत्याने तीनदा प्रीव्ह्यू उघडला की तीन नंबर गेले. नाव खोटं बोललं, तू त्यावर विश्वास ठेवलास. विश्वास ठेवायचा नसेल तर नावं द्यायचीच कशाला?

नाव खोटं बोलता कामा नये. बाकीचे सगळे नियम यानंतर.

त्याच फाइलमध्ये 'अमाउंट-टू' आहे. हमाली आणि तोलाई वजा करून उरलेली रक्कम. हे कळायला मला अख्खं फंक्शन वर-खाली करावं लागलं. वाईट नाव आहे, पण ते मुकं आहे, खोटारडं नाही. मुक्या नावाने वाचणारा थांबतो, शोधतो, वेळ जातो. खोट्या नावाने तो थांबतच नाही, सरळ पुढे जातो आणि चूक शेतकऱ्याच्या पट्टीवर छापून येते. म्हणून मला लहान नावांची भीती वाटत नाही. लूपमधला, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या कोडमधला, मोजणीचा 'आय' खुशाल ठेव. 1957 च्या फोरट्रान या प्रोग्रामिंगच्या भाषेत आय ते एन या अक्षरांनी सुरू होणारं नाव आपोआप पूर्णांक धरलं जायचं. तो 'आय' कोणाला फसवत नाही.

आता खरी गंभीर गोष्ट. खाली 'फार्मरअडत' नावाचं व्हेरिएबल, म्हणजे रक्कम साठवायची जागा, आहे, ते बघितलंस का? 2016 मध्ये राज्यात नियम बदलला आणि फळं-भाजीपाल्याची अडत, म्हणजे अडत्याची दलाली, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं. तुमच्याकडे कोणीतरी हिशोब नीट दुरुस्त केलाय, नाव मात्र तसंच ठेवलं. आज त्या व्हेरिएबलमध्ये खरेदीदाराने द्यायची रक्कम असते. ज्याने नाव ठेवलं त्याची काही चूक नव्हती, त्या दिवशी ते खरंच होतं. नियम बदलला त्या दिवशी ते खोटं झालं. उद्या नवीन आलेला कोणी नाव वाचून ती रक्कम शेतकऱ्याच्या हिशोबातून वजा करेल, आणि बिचारा अगदी मन लावून करेल.

हे मोठमोठ्यांच्या कोडमध्येही झालंय. विंडोजच्या प्रोग्रामिंगमध्ये 'डब्ल्यूपॅरम' नावाची एक किंमत आहे. त्यातला 'डब्ल्यू' म्हणजे वर्ड, 16 बिटांचा. पुढे ती किंमत 32 बिटांची झाली, मग 64 बिटांच्या विंडोजमध्ये 64 बिटांची. 'डब्ल्यू' अजून तिथेच आहे. नावाला प्रकार चिकटवायची ही हंगेरियन पद्धत चार्ल्स सिमोनी यांची. त्यांचा मूळ विचार किंमत कशासाठी आहे ते नावात सांगण्याचा होता, वापरणाऱ्यांनी नुसता डेटा टाइप (आकडा की अक्षरं, किती बिटांचं) चिकटवला. डेटा टाइप कंपायलरला, म्हणजे कोड मशीनच्या भाषेत बदलणाऱ्या प्रोग्रामला, ठाऊकच असतो. ती रक्कम कोणाच्या खिशातून जाते, ते त्याला कधीच कळणार नाही. नावात ते लिही.

नावातले शब्द अंडरस्कोरने जोडायचे (get_patti) की कॅमलकेसने (getPatti), यावर तुमच्या टीमने आठवडाभर वाद घातला म्हणे. बंद करा तो. पायथनला 2001 पासून पेप 8 ही कोड लिहिण्याची नियमावली आहे, त्यात फंक्शनसाठी अंडरस्कोर सांगितलाय. भाषेची रीत धरा, रीत मोडली की दाखवणारा प्रोग्राम, लिंटर, लावा, विषय संपला. आणि "आता एआय टूलच कोड लिहितं, नावं कोण वाचतं" हे पुन्हा ऐकवू नकोस. टूलही नाव वाचूनच अंदाज बांधतं. त्यानेही प्रीव्ह्यूला 'गेटपट्टी'च सुचवलं असतं.

मला लोक हट्टी म्हणतात, तुझ्याही कानावर आलं असेल. एका जुन्या ठिकाणी 'इजपेड' (पैसे दिले गेले का) नावाचा फ्लॅग, म्हणजे खरं की खोटं एवढंच सांगणारी खूण, होता. चेक लिहिला की तो खरा व्हायचा, चेक वटलेला असो वा नसो. मी रिलीज अडवला. एका फ्लॅगसाठी पूर्ण टीम शनिवारी बसली, आणि त्या वादात एक फार चांगला मित्र दुरावला. त्याची खंत आजही आहे, त्याच्याशी शांतपणे बोलता आलं असतं. पण फ्लॅगबद्दल नाही. पैसे हातात न पडलेल्या माणसाला स्क्रीन दाखवून "तुमचे पैसे झाले" म्हणायला लावणारं नाव मी पुढे जाऊ दिलं नसतं, आजही देणार नाही.

आता काम ऐक. 'गेटपट्टी'चं नाव 'क्रिएटपट्टी' कर आणि प्रीव्ह्यूसाठी फक्त वाचणारं वेगळं फंक्शन लिही. नावबदलाचा कमिट, म्हणजे कोडमधल्या बदलाची नोंद, वेगळा ठेव, त्यात दुसरं काहीही घालू नकोस, म्हणजे रिव्ह्यू करणाऱ्याला धाकधूक राहणार नाही. एडिटरच्या रीनेमवर विसंबू नकोस, रिपोर्टच्या टेम्प्लेटमध्ये तेच नाव अक्षरांत लिहिलेलं असू शकतं. पूर्ण प्रोजेक्टमध्ये सर्च मार. बाहेरच्यांचे प्रोग्राम ज्यातून तुमच्या सॉफ्टवेअरशी बोलतात त्या एपीआयमधलं नाव मात्र एकदम उडवू नकोस. वेबच्या एचटीटीपीमध्ये, आधीचं पान कोणतं ते सांगणाऱ्या 'रेफरर' हेडरचं स्पेलिंग 1996 च्या आरएफसी या नियमांच्या दस्तऐवजात एक 'आर' कमी असलेलं छापलं गेलं आणि आजही प्रत्येक ब्राउझर तेच पाठवतो. एपीआयमध्ये जुनं नाव चालू ठेवून शेजारी नवं दे.

सीनियर म्हणाला "चालतंय ना, हात लावू नको", तर त्याला कारण रिव्ह्यूमध्ये लिहायला सांग. आवाज चढवू नकोस. शनिवारी सकाळी आयटी पार्कजवळ पोह्याच्या ठेल्यावर लॅपटॉप घेऊन ये. 'फार्मरअडत' कुठे कुठे वापरलंय ती यादी आधी काढून ठेव, तर्री पोहे खाता खाता एकेक जागा बघू.

ताई