पाचवी चिमणी

प्रिय,

प्रभूच्या नावाने सलाम.

पुढच्या रविवारी सहा ते नऊ वर्षांचा वर्ग तुझ्या हाती येतोय आणि पहिलाच धडा आहे 'प्रत्येक माणूस मोलाचा'. दिसायला सोपा, पण शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या मुलांच्या वर्गात, हाच धडा हमखास बिघडतो.

पहिली गोची शब्दातच आहे. 'किंमत' म्हटलं की मुलांना दुकान दिसतं. 'मोल' म्हटलं तर मोलमजुरी आणि मोलकरीण. तिथे मोल म्हणजे कामाचे पैसे. आपल्याला सांगायचं आहे ते नेमकं उलटं: बायबलमध्ये उत्पत्ती 1:27 मध्ये देवाने माणसाला आपल्या प्रतिरूपाचा केला, तेव्हा माणसाने अजून कवडीचंही काम केलेलं नव्हतं. मोल आधी, काम नंतर. हा क्रम तेवढा घट्ट धर, बाकीचं जमेल. 'प्रतिरूप' मात्र सहा वर्षांच्या मुलाला कळत नाही आणि 'देवासारखा दिसणारा' म्हणालीस तर 'देवाला नाक आहे का?' हा प्रश्न आलाच समज. 'देवाने आपला ठसा उमटवलेला' एवढं पुरे.

नोटेचा प्रयोग तुला कुणीतरी सुचवेल: पाचशेची नोट चुरगाळायची, तुडवायची आणि विचारायचं, 'आता कुणाला हवी?' तो करू नकोस. नोटेला किंमत सरकार देतं आणि काढूनही घेतं. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री सगळ्या देशाने ते पाहिलं. शिवाय दहाची नोट पाचशेच्या नोटेहून कमीच, आणि चलाख पोरं मनातल्या मनात वर्गातल्या कुणाला तरी दहाची ठरवून मोकळी होतात. खोक्यात आरसा ठेवून 'आत बघ, देवाची आवडती व्यक्ती दिसेल' हा प्रकारही बेताचाच. ज्या मुलीला घरी 'काळी' म्हणून हाक मारतात तिला आरसा टोचतो, आणि बाकीची 'मी खास' एवढंच घेऊन घरी जातात. शेजारचा कोण, हा प्रश्न तसाच राहतो.

त्यापेक्षा चिमण्या घे. मत्तय 10:29 मध्ये एका दमडीला दोन चिमण्या, लूक 12:6 मध्ये दोन दमड्यांना पाच. पुठ्ठ्याच्या पाच चिमण्या काप, दमडी म्हणून दोन बटणं घे. एका मुलाला दुकानदार कर. 'एका दमडीला दोन, तर दोन दमड्यांना किती?' वर्ग ओरडेल, 'चार!' चार चिमण्या गिऱ्हाइकाच्या हातात दे, मग पाचवी काढून वर ठेव: 'ही फुकट.' दमडी म्हणजे किती तेही सांग, मजुराच्या एका दिवसाच्या मजुरीत अशा सोळा दमड्या यायच्या. मग पाचवी चिमणी चटईवर एकटी ठेव आणि गप्प बस. दहा सेकंद तरी. कुणीतरी विचारतंच, 'तिचे पैसे नाहीत?' तेव्हा वचन वाच, की यांतल्या एकीचाही देवाला विसर पडत नाही. बिनपैशाच्या चिमणीचासुद्धा.

इथे एक खड्डा आहे. 'तुमच्या शाळेत पाचवी चिमणी कोण?' असं विचारू नकोस. नाव येईल, आणि ते पोर कदाचित तिसऱ्या रांगेतच बसलेलं असेल. त्याऐवजी 'केव्हा होते पाचवी चिमणी?' असं विचार. क्रिकेटला टीम पाडताना. डबा खायला कोंडाळं करून बसताना. घंटागाडी आली की 'कचरावाला आला' म्हणताना. मुलं प्रसंग सांगतील. व्यक्ती झाकलेली राहील.

मोठ्या मुलांचा प्रश्न ठरलेला: 'मग चोरपण मोलाचा?' त्याला उत्तर जक्कय, लोकांना लुबाडणारा जकातदार. ही गोष्ट सांगताना निम्मे शिक्षक क्रम उलटा करतात: जक्कय सुधारला, म्हणून येशू त्याच्या घरी गेला. लूक 19 उघडून बघ. पाचव्या वचनात येशू त्याला नावाने हाक मारतो आणि घरी येतो म्हणतो; निम्मी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेलं चौपट परत, हे आठव्या वचनात येतं. त्याने केलेलं वाईटच होतं, तो मात्र त्याआधीपासून देवाला हवा होता. वर्गात मारामारी झाली की हाच फरक तुझ्या तोंडी असू दे. 'तू वाईट' नाही, 'हे वाईट केलंस.'

आपल्याकडची गोष्ट हवी असेल तर केडगावची सांग. 1896-97 च्या दुष्काळातून पंडिता रमाबाईंनी मुली तिथल्या आपल्या 'मुक्ती' आश्रमात आणल्या. पुढे तिथल्या बायका-मुली छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवू लागल्या आणि रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल तिथेच छापलं गेलं. पण इथेही पाय घसरतो: कामाच्या झाल्या म्हणून मोलाच्या, असं ऐकू येतं. म्हणून आधी सांग की आल्या तेव्हा त्या उपाशी होत्या, आणि तरीही दार उघडलं. मग छापखाना.

वचन पाठ करणाऱ्याला चॉकलेट ही आपली जुनी रीत. निदान या धड्यापुरती ती बंद ठेव. चाळीस मिनिटं 'देव फुकट प्रेम करतो' सांगून शेवटी तिघांनाच चॉकलेट दिलंस तर मुलं चॉकलेटवरूनच धडा शिकतात.

घरचा अभ्यास एकच: रोज दिसणाऱ्या पण नाव माहीत नसलेल्या एका माणसाचं नाव, आई किंवा बाबांना सोबत घेऊन, विचारून येणं. वॉचमन, दूधवाला, घंटागाडीवरच्या ताई. पुढच्या रविवारी फक्त नाव विचार. 'मग तू त्यांना काय दिलंस?' विचारलंस की दानधर्माचा धडा होतो, आणि नाताळातल्या ब्लँकेटवाटपाच्या फोटोंनी तो मुलांना पुरेसा शिकवलेला आहे.

असा धडा ऐकून एखादं मूल घरातल्या मारझोडीबद्दल बोलून जातं. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नकोस. शांतपणे ऐक, खोदून विचारू नकोस आणि त्याच दिवशी पाळकांशी बोल. चाइल्डलाइनचा 1098 हा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव.

कळावे.

ता. क. चिमण्यांना लग्नपत्रिकेचा जाड कागद घे. वहीच्या कागदाच्या केल्यास तर पंखा लागताच पाचही उडतील आणि मुलं त्या गोळा करत बसतील.