तिसरी नोकरी, एमबीए आणि मालकांचं ‘बघू’

पत्र थोडक्यात असं: “ताई, मी खानापूरचा, वय २६, मेकॅनिकल. पहिली नोकरी ७ महिन्यात सोडली, बाबांचं ऑपरेशन होतं. मग ३ वर्षं बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या भागात, ओतकामाच्या फौंड्रीत, रिजेक्शन म्हणजे खराब निघणारा माल १२ टक्क्यांवरून ७ वर आणला. आता पुण्याची ऑफर आलीय, पगार दीडपट. पण दोन वर्षांत एमबीए करायचंय, तिसरी नोकरी बघून ‘हा कुठं टिकत नाही’ म्हणतील काय? आई म्हणते इथंच बस. रात्री झोप लागंना.”

अरे बाळा, पगारावर तू अख्खं पान लिहिलंयस आणि रिजेक्शनवर एक ओळ. उलटं पाहिजे होतं की! मी २० वर्षं उद्यमबागेत पर्सनल खात्यात काढलीत, बायोडाटे चाळून चाळून डोळे गेले, आणि ब्लोहोल म्हणजे कास्टिंगमधली हवेची भोकं कमी कशी केली, साच्याच्या वाळूत काय बदललं, मोल्डिंगवाल्या म्हाताऱ्या मिस्त्रीला कसं पटवलं हे सांगणारी पोरं त्यात हाताच्या बोटावर मोजण्याइतकी.

आता कुठलं एमबीए ते तू लिहिलंच नाहीस आणि सगळी गोम तिथंच आहे. नोव्हेंबरात कॅटची प्रवेश परीक्षा देऊन दोन वर्षांच्या कोर्सला जाणार असशील तर तिथं अनुभवाचे महिने मोजतात, तेपण डिग्रीनंतरचे, फुल टाईम, इंटर्नशिप धरत नाहीत, कंपन्या किती बदलल्या ते सहसा इंटरव्ह्यूतच विचारतात. पण एक वर्षाच्या कोर्सचं निराळं, आयएसबीला (इंडियन स्कूल ऑफ बिझनेस) कमीत कमी २ वर्षं अनुभव लागतो, आयआयएम अहमदाबादच्या पीजीपीएक्स कोर्सला ४, आणि तिथं निबंध लिहा, वरिष्ठांचं शिफारसपत्र आणा, म्हणजे का सोडलं आणि तिकडं जाऊन काय केलं हे सगळं उकरतात. नव्या ठिकाणी तीनच महिने झालेत आणि फॉर्म भरालायस, तर सांगणार काय तू, आणि नवा साहेब तुझ्याबद्दल लिहिणार तरी काय? म्हणून गेलास तर वर्ष-दीड वर्ष तिथं काम करून मगच अर्ज कर. तुझ्या दोन वर्षांत ते बसतंय.

जाऊ का नको म्हणशील तर पुण्यात काम कुठलं ते आधी विचार. तीच शिफ्ट, तीच वाळू, फक्त पगार जास्त, तर मी जाणार नाही. हाताखाली माणसं मिळत असतील किंवा कस्टमरशी बोलायला लागत असेल तर डोळे झाकून जा.

७ महिन्याची नोकरी गाळू नको हं. पीएफच्या यूएएन नंबरवर दोन्ही कंपन्या दिसतात, उद्या व्हेरिफिकेशनला अडकशील. बाबांचं ऑपरेशन होतं, सोडली, दोन वाक्यात विषय संपला.

खरी काळजी मला तुझ्या मालकांची आहे. आमच्याकडं एक पोरगा गणपतीच्या सुट्टीला गेला तो परत आलाच नाही, नोटीस नाही काही नाही. दोन वर्षांनी आला एक्सपिरियन्स लेटर मागायला, मालक ‘बघू’ म्हणाले, पुढच्या आठवड्यात परत ‘बघू’. फाईल माझ्याच कपाटात होती आणि मी काही करू शकले नाही, फॉर्मची तारीख गेली त्याची. तू नोटीस पूर्ण भर, रिलीव्हिंग लेटरवर तारखा नीट बघून घे, आणि मधे उगाच महिना-दोन महिने घरी बसू नको, ते अनुभवात धरत नाहीत.

आईला म्हणावं, रात्री बसला बसलं की सकाळी बेळगाव. येताना तिच्यासाठी काही आणू नको, जाताना तिनं दिलेला कुंदा मात्र ने.

मालकांकडं भट्टी चालू असताना जाऊ नको, चारनंतर चहा येतो तेव्हा जा. राजीनामा खिशातच ठेव, आधी तोंडानं सांग, आणि शिफारसपत्र लागेल म्हणून तेव्हाच विचारून ठेव. त्याआधी महिन्यावारी रिजेक्शन कसं उतरलं ते स्वतःच्या वहीत लिहून काढ, कंपनीची फाईल उचलू नको म्हणजे झालं.